पाटीवर नसलेला मिस्त्री

गेल्या जानेवारीतला एक रविवार. सकाळी सातच्या सुमारास दादर पारशी कॉलनीत, पाच बागांच्या कडेला आम्ही चौदा माणसं जमलो होतो आणि समोर गाडी होती दोन सीटांची. चौदांमध्ये माझे अब्बा आणि अम्मी, मी, माझी बायको, आमची दोन मुलं, धाकटी बहीण आणि तिचा नवरा, लेथवाले मामू, माझ्या शाळेतले दोन सहकारी. उरलेले तिघे गाडीच्या मालकांच्या घरचे. अम्मीनं रात्रीच सांदणं करून डब्यात भरली होती, नारळाचं गोड दूध वेगळ्या बाटलीत. मालकांच्या घरून पुदिना आणि गवती चहा घातलेल्या पारशी चहाची किटली आली होती. कुणी आधी बसायचं यावरून मुलांचं भांडण सुरू झालं होतं.

गाडी म्हणजे एमजी. मॉडेल टी.डी., साल १९५१. सायीच्या रंगाची, वर छप्पर नसलेली, पुढे दोन मोठे गोल दिवे, लांबट बोनट आणि बैलाच्या वशिंडासारखे वर आलेले मडगार्ड. दाराला काचा नाहीत, दार उघडतंही उलट्या बाजूनं. पुढची काच हवी तर बोनटवर आडवी करून टाकता येते. पेट्रोलची टाकी मागे पाठीवर बांधल्यासारखी आणि तिच्यावर स्टेपनी. माझी मुलगी सातवीत आहे. तिनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, "ही आजोबांनी बनवली?"

"बनवली नाही, दुरुस्त केली," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण उत्तर देताना जीभ थोडी अडखळली. त्या अडखळण्याविषयी लिहायचं आहे.

आधी एक कबुली. माझ्या दहावीच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' असं लिहिलं होतं. बी.एड.च्या प्रवेशअर्जात 'स्वतंत्र व्यवसाय'. दोन्ही वेळा खरा शब्द 'डेंटर' हा होता. कुर्ल्यात पत्र्याच्या शेडखाली माझे अब्बा मोटारींचे चेमटलेले पत्रे सरळ करत. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत हातोडीचा आवाज. त्या आवाजानं त्यांचे कान पन्नाशीतच गेले. शाळेत कुणी विचारलं तर मी म्हणायचो, 'अब्बांचं गॅरेज आहे.' गॅरेज म्हटलं की जरा बरं वाटायचं. आज मी वर्गात मुलांना 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर निबंध लिहायला देतो, तेव्हा हे आठवतं.

आता गाडीकडे येऊ. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकल दुरुस्त करणारा माणूस. सायकलींवरून तो मोटारींवर आला आणि पुढे लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर. मॉरिसच्या साध्या, कौटुंबिक गाड्या घ्यायच्या, त्यांच्यावर हलकी, देखणी बॉडी चढवायची आणि तरुणांना विकायच्या, ही किंबरची कल्पना. म्हणजे जगातल्या एका नामांकित स्पोर्ट्‌स कारचा जन्म कारखान्यात नाही, गॅरेजात झाला, आणि तिचं नावही गॅरेजचंच राहिलं. हे मला कितीतरी उशिरा कळलं. दहावीचा फॉर्म भरताना कळलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता.

१९२९ मध्ये एमजीचं बिऱ्हाड ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात, चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात गेलं. तिथून पुढची पन्नास वर्षं अष्टकोनी बिल्ला लावलेल्या गाड्या बाहेर पडत राहिल्या. किंबरला मात्र १९४१ मध्ये कंपनीतून काढून टाकण्यात आलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावर झालेल्या रेल्वे अपघातात तो गेला. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन दिवाळखोरीच्या काठावर होतं. डॉलर हवे होते, आणि जो कारखाना माल परदेशी पाठवेल त्यालाच पोलाद, असा तेव्हाचा व्यवहार. एमजीनं आधी टी.सी. काढली. मग १९४९ च्या अखेरीस टी.डी. सुरू झाली ती १९५३ पर्यंत चालली. जवळजवळ तीस हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

इंजिन १२५० सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद ५४ अश्वशक्ती, कार्बोरेटर दोन. सगळं जमून आलं तर वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आज कुठलीही साधी छोटी मोटार तिला मागे टाकेल. माझ्या मुलानं हे आकडे मोबाईलवर वाचले आणि तोंड वाकडं केलं. पण त्या काळी स्पोर्ट्‌स कार म्हणजे निव्वळ वेग नव्हे. जमिनीला लागून बसायचं, अंगावर वारा घ्यायचा, रस्त्याचा प्रत्येक खड्डा कमरेला कळायचा. नुसतं कुठेतरी पोचायचं असलेल्या माणसासाठी ही गाडी नव्हती.

आणि एक गोष्ट बघणाऱ्याला दिसत नाही. या गाडीचा सांगाडा लाकडाचा आहे. खालची चासी लोखंडी. पण बॉडीचा पत्रा ज्यावर ठोकलाय ते दारांचं, मागच्या बाजूचं सगळं चौकटकाम ॲश नावाच्या इंग्रजी झाडाच्या लाकडाचं. टांगा बनवायची जुनी पद्धत मोटारीत शिल्लक राहिली ती अशी. इंग्लंडच्या थंडीत ते लाकूड टिकतं. मुंबईचे चार पावसाळे खाल्ले की त्याचा भुगा होतो.

ही गाडी मुंबईत कशी आली? मालक डॉक्टर होते, पारशी. त्यांनी ती १९५८ मध्ये, मायदेशी परत निघालेल्या गिरणीतल्या एका इंग्रज मॅनेजरकडून घेतली. तोवर असल्या गाड्यांची वाट बंद झाली होती. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. १९५३ मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. टप्प्याटप्प्यानं सगळी गाडी इथेच बनवायची तयारी असेल त्यानंच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. शेठ वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर राहिली, तिथे पुढे फियाट बनल्या. सोलापूरच्या माणसानं उभा केलेला तो कारखाना आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी तिथे कामाला, आणि उरलेले तिथून बाहेर पडलेल्या गाड्या दुरुस्त करणारे.

या धोरणाचे फायदे-तोटे अर्थशास्त्राच्या लोकांनी सांगावेत. त्यातून एक गोष्ट मात्र नक्की घडली. देशात ज्या थोड्या विलायती गाड्या होत्या त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. आयातीचा परवाना काढायचा, परकीय चलन मिळवायचं, मग भाग यायचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे मिस्त्रीला सांगायचं, 'असाच दुसरा बनव.' क्यूबामध्ये अमेरिकेच्या नाकेबंदीनंतर असंच झालं. हवानाच्या रस्त्यांवरच्या जुन्या शेवरले बघायला जगभरचे लोक जातात आणि तिथल्या मिस्त्रींवर लेख लिहिले जातात. आपल्याकडे चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर आणि कुर्ल्याच्या गल्ल्यांत तेच चाललं होतं. आपण त्याला जुगाड म्हणून मोकळे झालो. मला हा शब्द आवडत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. अब्बा जे करत होते त्यात वेळ मारून नेण्यासारखं काही नव्हतं. उलट वेळ प्रचंड लागायचा.

डॉक्टरांनी गाडी पंधरा वर्षं चालवली. लग्नानंतर बायकोला घेऊन याच गाडीतून महाबळेश्वरला गेले होते, असं त्यांची मुलगी सांगते. १९७३ मध्ये पेट्रोल भडकलं तेव्हा त्यांनी गाडी आवारात ताडपत्रीखाली लावली, ती लावलीच. जानेवारी १९९१ मध्ये ती टेम्पोवर चढून अब्बांच्या शेडमध्ये आली तेव्हा दारात हात घातला की लाकडाचा भुसा हाताला लागायचा आणि सीटमागे मांजरीची पिल्लं होती. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. शाळा सुटली की शेडमध्ये जायचो. माझं काम रॉकेलच्या थाळीत नट-बोल्ट धुणं. नख्यांतून तो वास शुक्रवारच्या आंघोळीनंतरही जायचा नाही.

पहिलं भांडण नट-बोल्टांवरूनच झालं. इंग्रजी गाडी म्हणजे इंची माप. विटवर्थचा पाना बोल्टच्या डोक्याला चपखल बसत होता, म्हणून अब्बांनी विटवर्थचे बोल्ट आणवले. ते इंजिनात जाईनात. मग कुणीतरी म्हणालं, मिलिमीटरचे असतील. बाजारातून आठ मिलिमीटरचे आणले. एक-दीड आटा जायचे आणि अडकायचे. लेथवाले मामू रोज संध्याकाळी यायचे, बोल्ट डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि शिव्या द्यायचे. शेवटी त्यांनी आट्याचा गेज लावला. आटे मिलिमीटरचेच, पण बारीक. बाजारातल्या आठच्या बोल्टचे आटे सव्वा-सव्वा मिलिमीटरवर, याचे एकेक मिलिमीटरवर. आणि डोकं मात्र इंची पान्याचं!

मामूंनी याला 'पागल अंग्रेज' असं नाव दिलं. खरं कारण मला पुढे वीस वर्षांनी वाचायला मिळालं आणि ते इंग्रजापेक्षा फ्रेंचाकडे जातं. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीनं कॉव्हेंट्रीमध्ये कारखाना काढला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे फ्रेंच मापाचे. युद्ध संपल्यावर तोफांचं काम गेलं, तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिसनं कारखानाच विकत घेतला. यंत्रं बदलणं महाग, म्हणून आटे तेच ठेवले; पण इंग्लंडमधल्या मिस्त्रींकडे पाने विटवर्थचे, म्हणून डोकी त्या मापाची केली. एमजीच्या इंजिनापर्यंत हीच रीत चालत आली. म्हणजे १९१५ च्या आसपास फ्रान्समध्ये काय घडलं याचा निकाल १९९१ मध्ये कुर्ल्याच्या एका लेथवर लागत होता. इतिहास शिकवताना कार्यकारणभाव समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मी मराठी-उर्दू शिकवतो, इतिहास नाही, तरी संधी मिळाली की हे घुसडतो.

मामूंनी साठच्या वर बोल्ट एकेक करून लेथवर काढले. त्यांतला एक नासलेला बोल्ट माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

लाकडाचं काम आमच्यातल्या कुणाचं नव्हतं. त्यासाठी अब्बांनी परळहून एका सुताराला आणलं. ते आमच्याच खेड तालुक्यातले, त्यामुळे अब्बांशी गावाकडच्या बोलीतच बोलायचे. मी त्यांना सुतारमामा म्हणायचो. ॲश मिळणं शक्य नव्हतं. सुतारमामांनी जुन्या चाळीच्या मोडलेल्या दाराचं सागवान आणलं. म्हणाले, ऐंशी पावसाळे खाल्लेलं आहे, आता काय हलणार. भुसा झालेल्या चौकटीचे तुकडे जमिनीवर मांडून, मयताची हाडं जुळवावीत तसे जुळवून त्यांनी मापं काढली. अब्बा रेतीच्या पिशवीवर पत्रा ठेवून मडगार्डची गोलाई काढायचे आणि सुतारमामा रंधा मारायचे. दोन्ही आवाज एकदम चालले की शेडमध्ये बोलणं अशक्य व्हायचं.

डिसेंबर १९९२ मध्ये गाडी अशीच उघडी पडलेली होती. चासीवर इंजिन नाही, दारं भिंतीला टेकवलेली. त्या डिसेंबरात आणि नंतरच्या जानेवारीत मुंबईत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुमारे नऊशे माणसं मेली. आमची शेड सात आठवडे बंद होती. डॉक्टरांचा फोन शेजारच्या दुकानात येऊन गेला, गाडीचं विचारायला नाही, आम्ही कसे आहोत ते विचारायला. सुतारमामांचा काही निरोप नव्हता. अब्बांनीही परळला जायचा विषय काढला नाही. शेड उघडल्यावर त्यांनी दुसऱ्या गाड्यांची कामं घेतली आणि एमजीवर ताडपत्री टाकली. फेब्रुवारी संपता संपता एके दिवशी मी शाळेतून आलो तर सुतारमामा डाव्या दाराच्या चौकटीला पट्टी लावून बसले होते. अब्बा त्यांच्याकडे पाठ करून हातोडीचा दांडा बसवत होते. त्या दिवशी दोघं काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी सुतारमामा म्हणाले, "उद्या फेव्हिकॉल मागवा." अब्बा म्हणाले, "मागवतो." एवढंच. त्या दोन महिन्यांविषयी ते कधीतरी बोलले असतील, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. अलीकडे मी अब्बांना विचारलं. नाही म्हणाले.

१९९४ च्या पावसाळ्यानंतर गाडी तयार झाली. डॉक्टर ती घेऊन गेले. ठरलेल्या पैशांवर त्यांनी अब्बांना एक घड्याळ दिलं, मामूंना आणि सुतारमामांना एकेक पाकीट.

इथे माझ्या धंद्यातलं, म्हणजे भाषेतलं थोडं सांगतो. गॅरेजची बोली हा माझा आवडता विषय आहे. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, म्हणजे गुरू, मास्तर. 'चावी'ही पोर्तुगीज. 'पेच' आणि 'पेचकस' फारसी, 'कारखाना' फारसी, 'मरम्मत' अरबी. फारसी 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' होऊन तालमीत गेला. 'दुरुस्त' म्हणजे फारसीत बरोबर, नीट. शरीर नीट असलं की तंदुरुस्त, गाडी नीट झाली की दुरुस्त. सगळ्यात गंमत 'कसब'ची आहे. अरबी-उर्दूत 'कसब' म्हणजे कमाई, रोजीरोटी मिळवणं. मराठीनं तोच शब्द घेतला आणि त्याचा अर्थ केला कौशल्य. पोट भरण्यासाठी केलेल्या कामात मराठी माणसाला कौशल्य दिसलं, असं मी वर्गात सांगतो. भाषाशास्त्रज्ञ याला कदाचित हसतील.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कोणत्या कामांत जास्त आहेत याचा हिशेब आहे. विडी, कापड, कपडे, पत्र्याच्या-धातूच्या वस्तू, वाहतूक आणि मोटारींची दुरुस्ती. ही यादी आपल्या सभांमध्ये मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचली जाते. आहेच तो पुरावा, त्यात वाद नाही. शेडमध्ये विमा नसतो, पेन्शन नसते, कान गेले तर भरपाई नसते. पण आपले अत्तार, मोमीन, शिकलगार, तांबोळी यांच्या जुन्या धंद्यांवर निदान चार पानं लिहिली गेली. डेंटर, वेल्डर, लेथवाला यांच्यावर कुणी लिहिलं नाही. आपल्याला इतिहास म्हटलं की तलवार आणि किल्ला आठवतो. एखाद्या नवाबाकडे किती रोल्स-रॉइस होत्या हे आपण अभिमानानं सांगतो. त्या चालू कोण ठेवत होतं हे विचारत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी शाळेतल्या मुलांना घेऊन शहरातला जुन्या गाड्यांचा एक मेळावा बघायला गेलो होतो. तिथे अचानक ती सायीच्या रंगाची एमजी दिसली. पुढे पाटी: कंपनी, मॉडेल, साल, मालकाचं नाव, आणि खाली 'मालकांनी स्वतः पुनरुज्जीवित केलेली'. मी मुलांना काहीच सांगितलं नाही. एका मुलानं 'सर, मस्त आहे ना' म्हटलं, मी हो म्हणालो. घरी आल्यावर अब्बांना पाटीचं सांगितलं, थोडं चिडूनच. त्यांना कानात ओरडून दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "डेंट दिखा क्या कहीं?" मी म्हटलं, नाही. "तो फिर."

यावर काय बोलणार? डेंटरचं काम चांगलं झालं याची खूण एकच, की ते दिसत नाही. चित्रकार सही करतो. डेंटरनं सही केली तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. हे मला पटतं, आणि पटूनही राग जात नाही. ताजमहालाचा उस्ताद अहमद लाहोरी होता हे आपल्याला मुख्यतः त्याचा मुलगा लुत्फुल्लाह मुहंदिस यानं आपल्या काव्यात लिहून ठेवलं म्हणून कळतं. दगड घडवणाऱ्यांनी तर दगडांवर नुसत्या खुणा कोरल्यात, तारा, मासा, त्रिकोण. अब्बांनी मला नाव छापायला मनाई केली आहे, म्हणून या लेखातही ते नाही. मला खूण कोरता येते तेवढी कोरतोय.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळा नियम केला. नव्यानं नोंदणी केली तर नंबरात राज्यानंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. जुना नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. नियम चांगला आहे, नाहीतर या गाड्या भंगारात गेल्या असत्या. पण त्यात अट आहे की चासी, बॉडी आणि इंजिन यांत फार मोठा बदल झालेला नसावा. मग ॲशच्या जागी सागवान म्हणजे किती मोठा बदल? जाणकार म्हणतात, मूळचं लाकूड नाही, म्हणून गुण कमी. मला वाटतं, ही गाडी सात वर्षं ॲबिंग्डनची होती. नंतरची सगळी मुंबईची आहे. तिच्यात सागवान आहे म्हणूनच ती मूळची आहे. हा माझा पक्षपात समजा.

डॉक्टर आता नाहीत. गाडी त्यांच्या मुलीकडे आहे. त्या साठीच्या पुढे गेल्यात, पण अब्बा त्यांना अजून 'बेबी'च म्हणतात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं इंजिन पुन्हा खोललं तेव्हा त्याला ते विचित्र आटे भेटले आणि कुणीतरी हातानं काढलेले बोल्ट सापडले. त्यानं आईला विचारलं, आईनं डायरीतून आमच्या शेजारच्या दुकानाचा जुना नंबर काढला. तो लागला नाही. मग ती दोघं सरळ कुर्ल्यात विचारत आली. शेड तर केव्हाच गेली. २६ जुलै २००५ च्या पुरात अब्बांच्या पेट्या पाण्यात गेल्या आणि त्यानंतर सहा वर्षांनी त्यांनी कामच बंद केलं. तरी पानवाल्यानं घर दाखवलं.

"मिस्त्री, गाडी तुम्हारी है, और तुम कभी बैठे नहीं," बेबीबाई म्हणाल्या. हे खरं होतं. साडेतीन वर्षांहून जास्त काळ ती गाडी अब्बांच्या हाताखाली होती, पण तिच्यातून ते शेडच्या दारापलीकडे गेले नव्हते. सुतारमामांना बोलवायचं ठरलं, तेव्हा कळलं की ते करोनाच्या पहिल्या वर्षी गावी वारले.

तर तो रविवार. पहिली फेरी अब्बांची, यावर मुलांचंही एकमत झालं. दार उलटं उघडतं याचा फायदा असा की म्हाताऱ्या माणसाला आधी बसून मग पाय आत घेता येतात. बेबीबाई गाडी चालवायला बसल्या, डोक्याला रुमाल. त्यांनी नॉब ओढला, इंजिन खोकलं, मग लागलं. अब्बांना आवाज ऐकू येत नव्हता. त्यांनी डावा तळवा समोरच्या लाकडी फळीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून ते गेले. पाच बागांना वळसा घालून गाडी परत दिसेपर्यंत अम्मी एकटक त्या वळणाकडे बघत होती. तिनं चौवेचाळीस वर्षं त्या माणसाचे ग्रीसचे कपडे धुतलेत. गाडी परत आली, पण अब्बा उतरेनात. दुसरी फेरी झाली. मग तिसरी. पोरं वैतागली.

चौथी फेरी अम्मीची. ती बुरखा सावरत बसली आणि परत आल्यावर म्हणाली, "थंडी लागते." मामू गेले ते बोनट उघडूनच परत आले; वाटेत गाडी थांबवून त्यांनी आपले बोल्ट मोजले म्हणे. माझे सहकारी गणिताचे सर ताठ बसले, फोटो काढून घेतला. शाळेतल्या मराठीच्या बाई मात्र हसत सुटल्या ते परत येईपर्यंत हसतच होत्या. माझी बायको आणि मुलगी दोघी एकाच सीटवर बसल्या. सांदणं तासाभरात संपली, बेबीबाईंच्या यजमानांनी एकट्यांनी सहा खाल्ली. फिरायला आलेली अनोळखी माणसं थांबून विचारत होती, एकदोघांना फेरीही मिळाली.

गाडीला आता नवी पाटी आहे, पितळेची, बोनटच्या आतल्या बाजूला. बेबीबाईंनी करवून घेतली. तिच्यावर तीन नावं आहेत. बोनट उघडलं तरच दिसते. अब्बांनी ती वाचली, काही बोलले नाहीत, आणि बोनट लावताना बिजागरी तपासून पाहिली.

माझ्या मुलाची पाळी शेवटी होती. नववीत आहे, त्याला या सगळ्याचं विशेष काही नव्हतं. तो बसायला आला तेव्हा अब्बांनी त्याचा हात धरला आणि त्याला उजव्या मडगार्डकडे नेलं. १९९१ मध्ये तिथे मुठीएवढा खळगा होता; मला आठवतो. अब्बांनी त्याचा तळवा पत्र्यावर पालथा ठेवला आणि डोळे मीट अशी खूण केली. मुलानं डोळे मिटून हात फिरवला, वर, खाली, मग मान हलवली. काही लागत नाही.

"परत फिरव," अब्बा म्हणाले.